चुकीच्या वेगाची तबकडी

रॉक संगीतावर तीस वर्षं लिहिणाऱ्या त्या पत्रकाराला आम्ही वादक मंडळी 'कानसाहेब' म्हणायचो. सुरुवातीला अर्थातच पाठीमागे. कार्यक्रमात ते स्पीकरशेजारी भिंतीला टेकून उभे राहत, वहीत पेन्सिलीनं खरडत आणि टाळ्या मात्र वाजवत नसत. दर शुक्रवारी त्यांचा रकाना यायचा. त्यात भल्याभल्यांची धडगत नसे.

आमची पहिली तबकडी निघाली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. गाणारी मी, वाजवणारे तिघं. आमच्या ड्रमरला वडिलांनी बजावलं होतं, "कानसाहेबांनी बरं लिहिलं तर वाजव. नाहीतर सोमवारपासून मुकाट्यानं दुकानात बस." त्यामुळे त्या शुक्रवारकडे आम्ही डोळे लावून बसलो होतो. रकान्यात छापून आलं : 'ड्रमर दमलेला आहे आणि गायक महाशय तर अंथरुणातून उठलेलेच नाहीत.'

गायक महाशय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठून त्यांच्या कचेरीत गेले.

"गायक महाशय मीच," मी म्हटलं. "उठलेय आता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खणातून तबकडी काढली आणि कोपऱ्यातल्या प्लेअरवर लावली. खरंच कोणीतरी जाडजूड बाप्या जांभया देत गात होता. मी वेगाचा खटका तेहेतीसवरून पंचेचाळीसवर सरकवला. माझा आवाज कचेरीभर घुमला, आणि कानसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

संपादक धावत आले. "आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा टाका. ज्याला प्लेअर लावता येत नाही त्याचं परीक्षण कोण वाचणार? हसं होईल आपलं!"

कानसाहेबांनी पुढचा अख्खा रकाना त्या चुकीवरच लिहिला. 'आळशी मी होतो, ती मुलं नव्हेत,' अशी सुरुवात होती. व्हायचं ते हसं झालंच. संपादकांनी त्यांना चार महिने हवामानाच्या बातम्यांवर बसवलं, आणि कार्यक्रमांत लोक त्यांना 'ओ पंचेचाळीस!' अशी हाक मारू लागले. आमचा ड्रमर मात्र आठवड्याभरात दुकानातून परत आला. रकान्याचं कात्रण त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं दुकानाच्या काचेवर चिकटवलं होतं.

आज मी साठीची आहे आणि अजून गाते. त्या माणसानं तेव्हा मान खाली घातली नसती, तर आमची गाडी सुटायच्या आधीच रुळावरून घसरली असती. त्यांचे उपकार मी येता-जाता सांगते, लोक कंटाळले तरी सांगते.

गेल्या महिन्यात नवी तबकडी घेऊन त्यांच्या घरी गेले. आता त्यांच्या कानाला यंत्र आहे. काकू दारातच म्हणाल्या, "त्यांना आता कितपत कळेल कोण जाणे. तू आलीस हेच खूप झालं बाई."

त्यांनी चष्मा लावून तबकडीवरचा आकडा वाचला, खटका दोनदा तपासला आणि स्पीकरला कान लावून शेवटपर्यंत ऐकलं.

"वेग बरोबर होता ना?"

"बरोबर होता, कानसाहेब."

"मग तिसऱ्या गाण्यात तू सुराला जराशी खाली आहेस."

घरी येऊन पुन्हा ऐकलं. होते. बाकी सगळ्यांनी मला छान झालंय म्हणून सांगितलं होतं.