मायाला मिळालेला चहा

विहारात चीनहून आलेल्या एक वृद्ध भिक्खुणी आठवडाभर मुक्कामाला होत्या. कांदा नाही, लसूण नाही, तिखट नाही, असा त्यांचा वेगळा स्वयंपाक प्रेमिलाबाईंनी एकटीनं रांधला. पण निघताना भिक्खुणींनी हिरवा डबा ठेवला तो मायाच्या हातात. माया प्रेमिलाबाईंची धाकटी जाऊ. तिनं केलं काय, तर पायऱ्या उतरताना त्यांचा हात धरला!

सगळ्यांसोबत प्रेमिलाबाईंनीही टाळ्या वाजवल्या. रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी माया डबा घेऊन त्यांच्याकडेच आली. आत काळपट-हिरव्या, घट्ट वळलेल्या गोळ्या.

"ताई, हे का होय?"

प्रेमिलाबाईंनी वास घेतला. फुलांचा होता, थोडा भाजल्यासारखाही. चहा असावा, असं वाटलं त्यांना. पण तोंडातून निघालं, "औषध होय वं, जुलाबाचं. तू नोको घेऊ."

"मंग तुमीच ठेवा, ताई." डबा ठेवून माया गेलीसुद्धा.

नागसेनराव, त्यांचे यजमान, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांनी भाषांतरासाठी डब्यावरच्या चिनी अक्षरांवर मोबाइल धरला.

"उलाँग चहा होय हा. नाव लोखंडी कुआनयिन. कुआनयिन म्हणजे करुणेची बोधिसत्त्व, असं सांगून राह्यलं. दूध-साखर नोको टाकू, नुसतं गरम पाणी."

पाण्यात गोळ्या सावकाश उलगडल्या. आत अख्खी पानं होती, देठासकट. प्रेमिलाबाईंनी घोट घेतला. चहा चांगला होता, गिळल्यावरही जिभेवर गोडवा राहिला, आणि तेच त्यांना झोंबलं. एवढी नाजूक वस्तू, आणि ती मायासाठी!

तेवढ्यात माया दारात. पेला लपवायला वेळच मिळाला नाही.

"चहा होय हा," प्रेमिलाबाई खाली बघत म्हणाल्या.

"मले माहीत होतं. डब्याच्या मागं कपाचं चित्र हाय."

"मंग मले काहून देल्ला?"

"विहारात तुमचं तोंड पाह्यलं मी, ताई. मंग मले तो घरी ठेववेना."

प्रेमिलाबाईंना शरम वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की डबाही हिलाच मिळाला आणि आता मोठेपणाही हिचाच.

त्यांनी मायासाठी पेला भरला.

"डब्यातला अर्धा घेऊन जाजो," त्या म्हणाल्या.