मिटवून घ्यायचं न्हाय

"बाई, जरा लांब उभ्या राहा."

इंदापूरच्या एका बँकेतला साहेब. समोर खुर्ची रिकामी होती. मी आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून भिगवणहून एसटीनं गेले होते. अंगाला वास नव्हताच. अर्जावर धंदा मासेविक्री लिहिला होता, तो वाचूनच त्याला वास आला.

मला डीप फ्रिजसाठी कर्ज पाहिजे होतं. सकाळचा उरलेला माल दुपारी आडत्याला मातीमोल द्यायला लागायचा. फ्रिज आला की ते संपणार होतं.

साहेबानं कॉम्प्युटरात बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मोटारसायकलचं कर्ज थकवलंय तुम्ही. सिबिल स्कोअर पार गेलाय."

"साहेब, मला सायकलबी येत न्हाय."

मागची रांग हसली. साहेब म्हणाला, "तुम्ही लोक असंच करता. चला, पुढचे."

मी बाहेर आले. कान तापलेले. दोन दिवस माझं मलाच वाटायचं, घेतली असंल का आपण गाडी? असं करून टाकतात माणसाला.

तिसऱ्या दिवशी डोकं चाललं. आधार-पॅनच्या झेरॉक्स मी जन्मात एकालाच दिल्या होत्या. तात्याला. तात्या म्हंजे आमचा आडत्या. धरणातनं आमी काढलेला मासा त्याच्याच काट्यावर जायचा. सरकारी विमा काढतो म्हणून त्यानं आमा चार बायांची कागदं नेली होती. कोऱ्या कागदावर सह्याबी. आमी वर त्याला चहा पाजला होता.

मी दहावी झालेली. घरात ते कुणाच्या कामाचं नव्हतं, माझ्याबी न्हाय. मोबाईलवर सिबिलचा रिपोर्ट काढला, अक्षर अक्षर वाचला. कर्ज माझ्या नावावर, फोन नंबर तात्याच्या पुतण्याचा.

तात्याकडं गेले. तो चिडलासुद्धा न्हाय.

"अगं, पुतण्यानं गाडी घेतली, राहिलं भरायचं. मी कर्जाच्या कंपनीशी बोलून मिटवतो. तू फक्त हितं सही कर."

बाकीच्या तिघींच्या नावावरबी अशीच कर्जं निघाली होती, त्यांनी सही केली होती. एकेक साडी मिळाली त्यांना.

संगं आलेलं आमचं मालक म्हणाले, "मिटवून घे बाई. काटा त्याचा हाय, उद्या मासं कुणाला घालायचं?"

मी कागद वाचला. त्यात लिहिलं होतं, कर्ज मी घेतलं, मला फेडता आलं न्हाय, कंपनीनं दया करून कमी पैशात सोडवलं. हे सेटलमेंट रिपोर्टवर वर्षानुवर्षं राहतं, आणि बँकवाला ते बघूनच हाकलतो. म्हंजे चोरी त्याची आणि कबुली माझी. मेले असते तरी सही केली नसती.

घरी येऊन अर्ज लिहिला. हे कर्ज माझं नाही. कुणी घेतलं? तात्याचं पूर्ण नाव. तेबी लिहिलं. एक प्रत कर्जाच्या कंपनीला, एक सिबिलवाल्यांना, एक पोलीस ठाण्यात.

दुसऱ्या दिवशी काटा बंद. "तुमचा माल नगं." मालक आठ दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. मी पाटी घेऊन हायवेच्या हॉटेलांची दारं हिंडले. चार हेलपाटे, दोन स्मरणपत्रं, मग एकदाची ती नोंद निघाली. रिपोर्ट मी भिगवण स्टेशनच्या बाकावर बसून बघितला. रडू न्हाय आलं. संताप आला. माझंच नाव माझ्याकडं आणायला मला इतक्या जणांच्या पाया पडायला लागलं.

त्याच रागानं मी बाजाराच्या तोंडाशी टेबल मांडलं. सिबिल दुरुस्ती. लोणी भापकरपासून लोकं यायला लागली. काहीजण म्हणतात, "स्कोअर सातशे करून दे, काय घ्यायचं ते घे." त्यांना मी सांगते, खरं थकलेलं मी पुसत न्हाय. ते भरा. खोटं असंल तर बोला.

गेल्या आठवड्यात त्या तिघी आल्या. तात्याच्या साड्या घेतलेल्या. पोरीच्या शिक्षणाचं कर्ज एकीचं नाकारलं होतं, बाकीच्यांचं तसंच काय काय.

"तुमच्या सह्या झाल्यात," मी म्हणलं. "अवघड हाय. भांडू, पण खात्री देत न्हाय."

"भांड की. तेवढं तात्याचं नाव नको घालू."

"मग कुणाचं घालू?"

बाजारातली माणसं बघत होती. एक म्हणाली, "तू एकटी पडलीस ते बघितलंय आमी."

दोघी उठून गेल्या. पोरीवाली बसून राहिली, पदर चाळवत. मग हळू आवाजात तिनं नाव सांगितलं. मी म्हणलं, मोठ्यानं सांग. तिनं सांगितलं. मी लिहिलं.

त्या दोघींचा मला राग न्हाय, पण त्यांचा अर्जबी मी लिहिणार न्हाय. उद्या आणखी दहा उठून जातील. जाऊ देत. टेबलावर मासे मांडून विकीन, पण ज्यानं केलं त्याचं नाव गाळून माझ्या हातनं एक ओळ लिहिली जाणार न्हाय.