फॉइलमधल्या नळ्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ऑफिसात कुणाला सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. तुम्ही मला ओळखत नाही — बहुधा म्हणूनच जमतंय.

मी मूळचा पुण्याचा, बरीच वर्षं नोएडात एका खासगी प्रयोगशाळेत आहे. काम तसं रुक्ष. कारखान्यांतून पाण्यात जाणारी रसायनं उन्हाने किती दिवसांत मोडतात, याचा अंदाज आम्ही काढून देतो. त्या वर्षी कथिल जोडलेलं एक सेंद्रिय रसायन आलं होतं. कारखान्यातल्या थंड पाण्याच्या टाक्यांत शेवाळ धरू नये म्हणून ते घालतात. शेवाळाला मारणारं औषध तळ्यातल्या माशांना थोडंच सोडतं? आणि कारखान्याला ते पाणी शेजारच्या तळ्यातच सोडायचं होतं.

पद्धत सोपी. रसायन घातलेलं पाणी काचेच्या नळ्यांत भरून गच्चीवर उन्हात ठेवायचं. निम्म्या नळ्यांना फॉइल गुंडाळायचं, म्हणजे त्यांना ऊन लागत नाही. उघड्या नळ्यांत रसायन घटलं आणि फॉइलमधल्यांत घटलं नाही, तर ते उन्हाने मोडलं असं धरता येतं.

फॉइल गुंडाळायच्या शोभाताई. आमच्या टेक्निशियन — पन्नाशीच्या, जन्म दिल्लीचा, शाळा पहाडगंजची मराठी. बोलण्यात अर्धं हिंदी, त्यावरून मी त्यांची खेचायचो. काम मात्र इतकं नेटकं, की फॉइलची प्रत्येक कड नखाने दाबत बसायच्या. नोकरी कराराची होती, दर मार्चला वाढवून मिळणारी.

आकडे आले. फॉइलमधल्या नळ्यांतही रसायन जवळजवळ तितकंच घटलं होतं.

कारण मला कळलं नव्हतं का? कळलं होतं — त्याच दुपारी. असली रसायनं काचेला चिकटतात. पाणी काढून घेतल्यावर नळी आतून द्रावकाने खळबळून तेही मोजावं लागतं. कामाची पद्धत मी लिहून दिली होती आणि त्यात ती ओळच नव्हती. शोभाताईंनी कागदावर होतं तसं केलं. चूक माझी होती, सगळी.

प्रयोग पुन्हा करायचा तर नोव्हेंबर लागला होता, धुरकट हवेत ऊन कुठलं? मार्चपर्यंत थांबावं लागलं असतं. थांबता आलं असतं. ‘एक ओळ विसरलो’ एवढंच म्हणायचं होतं — मला म्हणवेना.

बैठकीत साहेबांनी विचारलं, फॉइलमधल्या नळ्यांचं काय? मी म्हणालो, “फॉइल सैल राहिलं असेल. ऊन शिरलं आत.” शोभाताई तिथेच बसल्या होत्या.

“सर, मी तर डबल लावलं होतं,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. “पण राहिलं असेल कुठे. तुम्ही म्हणताय तर…”

स्वतःच्या हातांपेक्षा त्यांनी माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला. त्या नळ्या आम्ही वगळल्या आणि जेवढं घटलं तेवढं सगळं उन्हाच्या नावावर टाकलं. आठवड्याभरात निम्मं रसायन मोडतं, असा अहवाल तयार झाला.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरला बिचारा. तर पुढचंही ऐका. बैठकीनंतर मी फॉइलमधली एक नळी खळबळून मोजली. घटलेलं रसायन तिथेच होतं, काचेला, जवळजवळ सगळं. ऊन त्याला फारसं काही करतच नव्हतं. अहवाल जायला अजून दोन दिवस होते. मी तो आकडा पुसला आणि सगळ्या नळ्या स्वतः धुतल्या. “ठेवा सर, मी धुते ना,” म्हणत शोभाताई आल्या, मी त्यांना परत पाठवलं.

मार्चमध्ये त्यांचा करार वाढवला नाही. कारण लिहिलं होतं, कामात हलगर्जी. त्या कागदावर माझी सही आहे. कारखान्याचं पाणी तळ्यात जाऊ लागलं. त्या तळ्याकडे मी कधी फिरकलो नाही.

गेल्या हिवाळ्यात दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या एका गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये मी जेवत होतो. शोभाताई समोर आल्या, सोबत मुलगी. त्या थकल्यासारख्या वाटल्या, पण मला पाहून मनापासून आनंदल्या.

“हे आमचे सर,” त्या मुलीला म्हणाल्या. “माझ्याकडून एवढी मोठी गलती झाली, पण कधी एक शब्द बोलले नाहीत.” पुन्हा लॅबची नोकरी धरली नाही, हातांवर भरवसाच राहिला नाही, हेही त्यांनी हसत सांगितलं.

कुणालाही घाई नव्हती. समोरची खुर्ची रिकामी होती. मी त्यांना बसा म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, “जाऊ द्या हो, शोभाताई. होतं असं कुणाकडूनही.”

त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना माफ केलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी माझे आभार मानले.