आहेराच्या साड्या आणि माझा हिमालय

मी मूळचा लातूरजवळच्या मुरुडचा. लहानपणी भूकंपाने अंथरुणातून अंगणात पळालो, नोकरीला नांदेडात आलो तर गोदावरी दारापर्यंत आली. त्यामुळे देशातल्या झाडून सगळ्या आपत्तींवर बोलायचा हक्क आपल्याला आहे, असं मी धरून चालतो. त्यात भूगोलाचा मास्तर.

गेल्या पावसाळ्यात विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीकाठची वस्ती आमच्या शाळेत मुक्कामाला आली. मी कॉलनीत मदत मागत फिरलो. घरोघरी कपाटं उघडली आणि आहेराच्या साड्या बाहेर पडल्या. कोणी कधी न नेसलेल्या, घडी न मोडता या लग्नातून त्या बारशात फिरणाऱ्या. शेजारणीने दिलेल्या एकीत तर आमच्याच नावाची चिठ्ठी निघाली. बायकोने ती वाचली. पुढचं लिहीत नाही.

बायकोसोबत शाळेत गठ्ठे नेऊन ठेवले आणि मी सुरू झालो. हिमालयाला जमीन खालून अजून ढकलून राहिली, म्हणून भूकंप. तीन बाजूंनी समुद्र, म्हणून वादळं. वर्षाचा पाऊस चार महिन्यांत, त्यात आपण नदीच्या वाटेत घरं बांधतो, म्हणून पूर. समोर एक बाई सकाळपासून ओलेत्याने कुडकुडत बसलेली. मांडीवर नवीकोरी साडी, पण नेसेना.

“नेसा की मावशी, ताप येईल,” मी म्हणालो.

तिने मान खाली घातली. बायको जवळ गेली, तेव्हा कुठे ती कानात कुजबुजली. बायको उठली ती थेट माझ्यावर.

“अहो, साड्यांचा ढीग आणलात, परकर एक नाही! ओल्या परकरावर कोरडी साडी नेसायची का? विचारा तुमच्या हिमालयाला.”

आहेरात परकर कोणी देत नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. स्कूटर काढली, दुकान गाठलं.

“तीस परकर द्या.”

“कोणत्या रंगाचे, सर?”

“कोरडे.”

परत आलो, तेव्हा बायकोने माझ्या हातातला गठ्ठा ओढून घेतला आणि बायकांना घेऊन वर्गाचं दार लावलं. थोड्या वेळाने मावशी जांभळ्या साडीत बाहेर आली, चहाचा कप घेऊन माझ्यासमोर ऐसपैस बसली.

“हं सर, आता सांगा. त्या हिमालयाला कोण ढकलून राहिलं म्हणता?”

मी बायकोकडे बघितलं.

“पाचच मिनिटं,” ती म्हणाली.