दुसरं रीडिंग

आमच्या घरी थ्रीडी टीव्ही आला तो माझ्या यजमानांच्या निवृत्तीनंतर. हे बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. आयुष्यभर यंत्रांचे सुटे भाग मोजले आणि तीच सवय घरी आणली. एकट्या माणसाने घेतलेलं रीडिंग यांना पटत नसे. दुसऱ्याने घेतलं आणि जुळलं, तरच ते खरं. दूध नासलंय का, यालाही माझं दुसरं मत लागायचं.

जयनगरच्या दुकानात दोन प्रकारचे सेट होते. एकाचे चष्मे हलके, साधे. दुसऱ्याचे जाड, चार्ज करावे लागणारे. चित्र जास्त रेखीव म्हणून यांनी दुसरा पसंत केला. चष्मा लावला तर पडद्यातला एक मासा थेट माझ्या नाकाशी आला आणि मी चक्क मागे सरकले. हे "छान आहे" म्हणाले. खरं तर यांना तसलं काहीच दिसलं नव्हतं. दुकानात सगळे वा वा करत असताना आपणच कसं नाही म्हणायचं, म्हणून तसं म्हणालो, असं घरी आल्यावर कबूल केलं.

मग तपासणी सुरू झाली. चष्मे पुन्हा चार्ज केले, आपसात बदलले. सोफा मागे सारला, पुढे ओढला. ट्यूबलाइटमुळे चष्म्यात लुकलुक होते असं कुठेसं वाचून भर दुपारी दिवे बंद करून, पडदे ओढून बसलो. दर वेळी एकच प्रश्न, "तुला दिसतंय? मला सपाटच दिसतंय." मला दिसत होतं. दोन आठवडे मी "हो" म्हणत राहिले. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात ही कटकट. एके दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजत असताना पुन्हा हाक आली. मी तणतणत गेले, चष्मा लावला, मासा सरळ अंगावर आला, आणि मी म्हणाले, "मलाही सपाटच दिसतंय. इतके दिवस तुमचं मन राखायला हो म्हणत होते. टीव्हीच बिघडलाय, बदलून घ्या."

यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. दोन रीडिंग जुळली होती.

दोघांनाही दिसत नाही म्हटल्यावर दुकानाने सेट परत नेला. दुसरा यायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत घरात शांतता होती आणि मला ती आवडली, ते मी लपवत नाही.

नवा सेट लावायला मेकॅनिक आला. त्याने स्वतः चष्मा लावून बघितलं आणि समाधानाने मान डोलावली. यांना मात्र सपाटच. तेव्हा तो म्हणाला, "सार, स्वल्प एक आँख बंद करके देखो. फिर दूसरी." यांनी डावा डोळा झाकला. "उजवी काच बंद पडलीय," म्हणाले. त्याने आपला चष्मा दिला. तेच. मग यांनी चष्मा काढून ठेवला आणि डावा डोळा तसाच झाकून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कडेला जरा उजेड आहे," हे म्हणाले. "तू नाहीयेस."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा जवळजवळ गेलेला, डाव्यात सुरुवात. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर राखायची. "कधीपासून कमी दिसतंय?" त्यांनी विचारलं. यांनी नीट आठवून सांगितलं, "या तीन महिन्यांतलंच असेल. त्याआधी टीव्हीच खराब होता. हिलाही दिसत नव्हतं." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी शेजारीच पर्सचा बंद घट्ट धरून बसले होते. मला भीती वाटली आणि मी बोलले नाही.

अजूनही बोललेले नाही. तीन महिने आधी गेलो असतो तर किती वाचलं असतं, कोणीच सांगू शकत नाही. तो टीव्ही केव्हाच भंगारात गेला, पण मासा अजून येतो. भाजी चिरताना, देवापुढे हात जोडताना, सरळ माझ्या अंगावर येतो.

आता डावा डोळाही अंधुक झालाय. संध्याकाळी फिरायला निघालो की हे माझा दंड धरतात. फुटपाथ उंचसखल, मध्येच फरशी उखडलेली. "पायरी आहे?" हे विचारतात. मी "आहे" म्हणते, आणि हे पायाने चाचपूनही न बघता पाऊल टाकतात.