चष्मा पुसण्याचं वाक्य

मी सोलापुरातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. माझा मित्र तिथंच गणित शिकवतो. तो दुधनीचा, घरात कानडी बोलत वाढलेला. त्यानं वडिलांवर पुस्तक लिहायला घेतलं, तेही मराठीत.

"गणितवाले पुस्तक लिहायला लागले," स्टाफरूममध्ये एक मॅडम म्हणाल्या, "आता मराठीवाल्यांनी पाढे घ्यावेत की, सर!"

सगळे हसले. मीही हसलो.

तो स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर ऑनलाइन लिहायचा आणि खातं उघडंच ठेवून तासाला जायचा. मी वाचायचो. आधी चुका शोधायला. मग जुने खर्डेही उघडू लागलो. तिथं ते जपलेले असतात. त्यानं खोडलेलंसुद्धा माझ्या लिहिलेल्यापेक्षा सरस होतं. ते सहन होईना.

मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात मी त्याचं एक खोडलेलं वाक्य बोललो. 'सर कधी हसायचे नाहीत. चष्मा पुसायचे, तेच आम्ही हसू धरायचो.' टाळ्या पडल्या. त्याच्या तेवढ्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सर, ते माझ्या बाबांवरचं वाक्य हाय. मी काढून टाकलं होतं. तुमाला कॉम्प्युटरनं सुचवलं का? कंपनीवाले आपलं लिहिलेलं वाचतात म्हणे, आन दुसऱ्याला पुरवतात."

"हो," मी म्हणालो. "आपोआपच आलं."

तो लई घाबरला. सगळं लिखाण त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर हलवलं, एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये. त्याची आतली रचना कुणीही उघडून तपासावी. खातं नाही, मजकूर बाहेर जात नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांना त्यानं ते शिकवलं. एका रविवारी माझ्या घरी येऊन माझ्याही कॉम्प्युटरवर टाकलं. "फुकट हाय, पण चोर न्हाय," म्हणाला आणि शेंगाचटणी मागून घेतली. त्या दिवशी मला त्याच्या भाबडेपणाचाही हेवा वाटला.

गेल्या आठवड्यात त्यानं पेन ड्राइव्ह दिला. "पुस्तक झालं. पासवर्ड घातला न्हाय, तुमच्यापासून काय लपवायचं? खोडलेलंही दिसंल, लाल रेघेत. कुठलं परत घ्यायचं, तुमीच सांगा."

ते वाक्य होतं, लाल रेघेखाली. शेजारी शेरा लिहायची जागा असते. तिथं मी लिहिलं, 'हे परत घ्या. कॉम्प्युटरनं सुचवलं नव्हतं. वर्षभर तुमचं खातं मी वाचत होतो.'

पेन ड्राइव्ह शाळेच्या पिशवीत ठेवला आहे. उद्या देईन. शेरा पुन्हा वाचला तेव्हाही मनात आलंच, हे त्यानं लिहिलं असतं तर जास्त चांगलं झालं असतं.