फेस आणि गाळ

प्रयोगशाळेत सगळे तिला ढवळीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं. तिचं कामच तसं होतं. धुळीहून बारीक पूड पाण्यात मिसळायची आणि ती तळाशी बसू द्यायची नाही. असं पाणी उष्णता चटकन वाहून नेतं, तापलेली यंत्रं लवकर निवतात. पण कण मेले एकमेकांना चिकटतात, गोळे होतात आणि तळ गाठतात. थेंब थेंब आम्ल घालून, कण एकमेकांना लांब ढकलतील असं पाणी ती बनवू पाहत होती.

साहेबांना तेवढा धीर कुठला! "ते साबणासारखं रसायन ओता की बाई, सढळ हाताने!"

ओतलं. बाटलीत तळाशी काही बसेना. साहेबांनी लगेच हे पाणी विकत घेऊ पाहणाऱ्या कारखान्यातल्या लोकांना बोलावणं धाडलं.

"साहेब, तापवल्यावर हे टिकत नाही," ती म्हणाली.

"तापवायचंय कुणाला? बाटली दाखवायची, चहा पाजायचा, सही घ्यायची."

उष्णता वाहणारं पाणी, आणि तापवायचंच नाही!

पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या इंजिनियरने चहा बाजूला सारला. "जरा तापवून दाखवा."

तिने पंप सुरू केला. पाणी तापलं तसा भसाभस फेस आला, उग्र दर्प सुटला, नळी तुंबली आणि पंप घरघरून बंद पडला.

"बाईंनी माप चुकवलं," साहेब बोलून मोकळे झाले.

तिने नळी सोडवली, आतला लिबलिबीत काळा गाळ बोटाने ओढून काढला आणि बशीत घालून साहेबांच्या कपाशेजारी ठेवला. "माप तुमचंच, साहेब."

प्रयोगशाळेतले तिचे सोबती जमिनीकडे बघत राहिले. कालपर्यंत साहेबांच्या नावाने बोटं मोडणारे हेच! गाळापेक्षा त्यांचीच तिला जास्त शिसारी आली.

"थोडं गोड बोलली असतीस तर?" नवरा घरी म्हणाला.

"गोड बोलायला तोंडाला चव लागते. माझी कडू झालीय."

तिने नोकरी सोडली. आता ती रंगाच्या कारखान्यात आहे. तिथला मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाला, "पूड खाली बसली ना ताई, तर गिऱ्हाईक डबा आणून आपल्याच डोक्यात घालतं." तिला ते आवडलं.

परवा कळलं, साहेबांना बढती मिळाली. ती पचकन थुंकली आणि कामाला लागली.